४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ का नाही, आणि तिच्यात आणखी काय आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, या संख्येला ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच पूर्ण भाग जात नाही. आधार २ घेऊन फर्माची चाचणी (२ चा ठरावीक घात त्या संख्येने भागून बाकी १ येते का हे पाहणारी) लावली तर तीही 'मूळ असावी' असंच सांगते. प्रोग्राममध्ये ही संख्या घातली तर कधी कधी चक्क १ छापून येतो. तरीही पुस्तकं म्हणतात की ती संयुक्त आहे. मग संगणक नसताना हे कुणाला कळलं, कसं कळलं, आणि या संख्येत आणखी पाहण्यासारखं काय आहे?

आधी उत्तर देऊन टाकतो. ती मूळ नाही. ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे तिला एकूण चारच विभाजक आहेत. पण नुसत्या या गुणाकाराने कुणाचं समाधान होऊ नये. ६४१ हा आकडा कुठून आला, हा खरा प्रश्न आहे.

अशी मोठी संख्या समोर आली की मी तिचे अंक नंतर बघतो; ती बनली कशी आहे ते आधी बघतो. इथे सगळं एका वाक्यात आहे: या संख्येने भागताना २^३२ ची बाकी −१ येते, म्हणजे पूर्ण भाग जायला फक्त १ कमी पडतो. तिला कोणत्याही विभाजकाने भागा, हे वाक्य तिथेही लागू पडतं. खाली जे जे येईल ते यातूनच निघेल. लिहायला सोपं जावं म्हणून या संख्येला 'न' म्हणू.

अंकांचं आधी उरकून घेऊ. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. ७ ने भागल्यास बाकी ५, ११ ने ५, १३ ने १०. यातून फारसं हाती लागत नाही. पण ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच संख्यांनी न ला भागून बघा. पाचही वेळा बाकी २ येते, आणि हा योगायोग नाही. न मधून २ वजा केले की २^३२ − १ उरतं. ते वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने पुन्हा पुन्हा फोडता येतं: (२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १). म्हणजे ६५,५३७ × २५७ × १७ × ५ × ३. थोडक्यात, न − २ = ४,२९,४९,६७,२९५ हा या पाच संख्यांचा नेमका गुणाकार आहे.

या पाच संख्या म्हणजे न च्याच घराण्यातल्या आधीच्या पिढ्या. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत जायचं आणि प्रत्येक वेळी १ मिळवायचा. यांना फर्मा संख्या म्हणतात. पहिल्या पाचही मूळ आहेत. १६४० मध्ये पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रांतून आपला विश्वास कळवला की अशा सगळ्याच संख्या मूळ असतात. त्याच्याकडे सिद्धता नव्हती आणि तसं तो मान्यही करत होता. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये हा दावा त्याचा गणिती मित्र ऑयलरच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने सहाव्या संख्येवर, म्हणजे आपल्या न वर, ६४१ हा विभाजक ठेवला.

आता ६४१ कसा सापडतो ते पाहू. न चा वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर आहे. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेक घेऊन भागायचं म्हटलं तर महिने जातील. म्हणून आधी विचारायचं की विभाजक असलाच तर तो कसा असेल.

समजा प ही मूळ संख्या न ला पूर्ण भागते. मग प ने भागताना २^३२ ची बाकी −१, आणि दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. २ चे घात चढवत गेलो तर बाक्यांचं चक्र कधीतरी १ वर येऊन पुन्हा सुरू होतं. त्या चक्राची लांबी ६४ ला भागणारी असली पाहिजे, पण ३२ ला भागणारी नको, कारण ३२ व्या पायरीवर आपण १ वर नसून −१ वर आहोत. ६४ ला भागणारी पण ३२ ला भागत नाही अशी संख्या फक्त ६४ च. म्हणजे चक्राची लांबी नेमकी ६४. दुसरीकडे फर्माचं लहान प्रमेय सांगतं की २^(प−१) ची बाकीही १ येते. म्हणून प − १ हा ६४ च्या पटीत हवा.

गंमत अशी की हे लहान प्रमेयही फर्माने त्याच १६४० सालच्या पत्रव्यवहारात लिहिलं होतं. स्वतःचा दावा मोडायचं हत्यार त्याच्याच टेबलावर पडलेलं होतं. ते त्याने या संख्येवर का चालवलं नाही, यावर तर्क पुष्कळ करता येतील. मला त्यात रस नाही.

तर उमेदवार फक्त ६४क + १ या रूपाचे (क म्हणजे १, २, ३ अशी कोणतीही संख्या): ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातले ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ संयुक्त, ते सोडा. उरले १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. सहा हजारांवर असलेली यादी पाचवर आली, आणि तीही कागद-पेन्सिलने.

आणखी काटछाट करता येते. ही पुढची सुधारणा एकोणिसाव्या शतकातल्या ल्यूकाची. ६४ च्या जागी १२८ घेता येतात. कारण काय, तर २ या संख्येला न च्या दुनियेत (म्हणजे न ने भागून फक्त बाकी पाहिली तर) वर्गमूळ आहे आणि ते हातात धरून दाखवता येतं: १,६७,७६,९६०. ही संख्या म्हणजे २५६ × ६५,५३५. हिचा वर्ग २८,१४,६६,३८,६८,४१,६०० येतो, आणि तो ६५,५३४ × न + २ इतका आहे. पडताळून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. या वर्गमूळाचा ६४ वा घात म्हणजे २^३२, म्हणजे −१. म्हणून त्याचं चक्र १२८ लांबीचं. वरचाच युक्तिवाद पुन्हा चालवला की प − १ हा १२८ च्या पटीत येतो. आता उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यात मूळ फक्त २५७ आणि ६४१. आणि २५७ ने भागल्यावर बाकी २ राहते, हे वर आलंच आहे. म्हणजे खऱ्या अर्थाने करायचा पहिलाच भागाकार ६४१ चा!

भागाकारही टाळायचा असेल तर एक सुंदर वाट आहे. वर्गात शिकवताना मी नेहमी हीच दाखवतो. ६४१ दोन प्रकारे लिहा: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ घालता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ ची बाकी −१. झालं. दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

अमेरिकेतला झेरा कोलबर्न हा मुलगा तोंडी गणितांसाठी प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याला हीच संख्या विचारली आणि त्याने ६४१ × ६७,००,४१७ असं उत्तर दिलं, अशी नोंद आहे. त्याने डोक्यात नेमकं काय केलं असेल कोण जाणे, पण वरच्या गणिताकडे पाहिलं की ते अगदीच अशक्य वाटत नाही.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे याची खात्री कशी करायची? इथे बरेच जण 'संगणकाने सांगितलं' म्हणून पुढे जातात. गरज नाही. त्याचा कोणताही मूळ विभाजक न चाही विभाजक असणार, म्हणून तोही १२८क + १ या रूपाचा हवा. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. तिथपर्यंत या रूपाच्या वीस संख्या आहेत. त्यातल्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. (१,५३७ मूळ वाटते, पण ती २९ × ५३ आहे; १,९२१ म्हणजे १७ × ११३. इथे घाई करू नका.) २५७ आधीच बाद. राहिले चार भागाकार: ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४, १,४०९ ने ६२२. एकानेही पूर्ण भाग गेला नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ.

आता फर्मा चाचणीने तुम्हाला का फसवलं ते. चाचणी विचारते की २^(न−१) ची बाकी १ येते का. इथे न − १ म्हणजेच २^३२. आणि २ च्या बाक्यांचं चक्र ६४ लांबीचं आहे. ६४ = २^६ हा २^३२ ला भागतो, तेव्हा बाकी १ येणारच. न मूळ असो वा नसो, उत्तर तेच. हे सगळ्या फर्मा संख्यांच्या बाबतीत खरं आहे, म्हणून त्यांच्यावर आधार २ ची चाचणी लावण्यात काही अर्थच नाही. मिलर-राबिन ही अधिक कडक चाचणीही आधार २ वर इथे पास होते: २, ४, १६, २५६, ६५,५३६ असे वर्ग करत गेलं की पुढच्याच वर्गाला −१ मिळतो आणि चाचणी समाधानाने मान डोलावते.

आधार ३ घ्या, चित्र पालटतं. ३^(न−१) ची बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. १ नाही, म्हणजे न संयुक्त. पेपँने १८७७ मध्ये याच धाग्यावर खास फर्मा संख्यांसाठी चाचणी दिली: ३ चा (न−१)/२ वा घात घ्या, बाकी −१ आली तरच संख्या मूळ, एरवी संयुक्त. आपल्या न साठी ३ चा ३१ वेळा वर्ग करत जायचं आणि दर वेळी न ने भागून बाकी ठेवायची. शेवटी १,०३,२४,३०३ उरतात. ही बाकी पुन्हा ६४१ ने भागली तर ३५७ उरतात. ३ पासून थेट ६४१ च्या बाक्यांतच वर्ग करत गेलात तरी ३१ व्या पायरीला ३५७ च मिळायला हवेत, आणि मिळतात. हाताने केलेलं काम तपासायचा हा माझा आवडता मार्ग. या चाचणीची एक खोड मात्र आहे: संख्या संयुक्त आहे हे ती ठामपणे सांगते, पण अवयव एकही देत नाही.

अवयव देणारा एक वेगळा रस्ता वर्गांच्या बेरजेतून जातो, आणि मला वाटतं या संख्येचा सगळ्यात देखणा भाग तोच. न ही उघडच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५,५३६² + १². ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते. दुसरा प्रकार सापडला की संख्या संयुक्त ठरली. न चा दुसरा प्रकार आहे: ६२,२६४² + २०,४४९². वर्ग करून पाहा: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

या दोन रूपांतून अवयव असे निघतात. मोठ्या संख्यांची वजाबाकी: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२. लहान संख्यांची: २०,४४९ − १ = २०,४४८. दोघींचा मसावि ८. आता बेरजा: ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५०. यांचा मसावि ५०. दोन्ही मसाविंची निमपट घ्या, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१! आणि १,२७,८०० व २०,४५० ला ५० ने भागलं की २,५५६ आणि ४०९ मिळतात; त्यांच्या वर्गांची बेरीज ६५,३३,१३६ + १,६७,२८१ = ६७,००,४१७. दोन्ही अवयव एकाच दमात. अडचण एकच, दुसरं रूप शोधणं हेच मुळात कष्टाचं काम आहे. म्हणून पद्धत म्हणून ती इथे महागात पडते. ऑयलरचा ६४क + १ चा मार्ग कितीतरी स्वस्त.

भूमितीतही या संख्येला एक विचित्र जागा आहे. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. पुढे पक्कं झालं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच असा बहुभुज काढता येतो. 'तरच' हा भाग वाँत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केला. बाजू सम असतील तर २ चे कितीही घात चालतात. आता सलग तीन संख्या पाहा. ४,२९,४९,६७,२९५ ही पाचही ज्ञात फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार, म्हणून तितक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. ४,२९,४९,६७,२९६ हा २ चा घात, तोही काढता येतो. आणि ४,२९,४९,६७,२९७? नाही, कारण ६४१ आणि ६७,००,४१७ या फर्मा संख्या नाहीत. फर्माचा अंदाज बरोबर असता तर तिन्ही जमले असते. विषम बाजूंचे असे ३१ बहुभुज आज माहीत आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा न पेक्षा फक्त दोन बाजूंनी लहान आहे.

तुमच्या प्रोग्राममधला १ समजायला सोपा आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ० ते ४,२९,४९,६७,२९५ एवढंच मावतं. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यावर येते. न ही २^३२ पेक्षा एकाने मोठी, म्हणून १ उरतो. त्यामुळे अशा पूर्णांकात ६४१ × ६७,००,४१७ = १ होतं. म्हणजे तिथे ६४१ चा गुणाकार-व्यस्त ६७,००,४१७ आहे, आणि ६४१ च्या पटीतल्या संख्येला ६४१ ने भागायचं असेल तर ६७,००,४१७ ने गुणलं तरी तेच उत्तर येतं. विषम संख्येने बिनबाकी भागाकार करायचा असतो तिथे ही युक्ती खरोखर वापरतात.

द्विमान पद्धतीत न म्हणजे १, मग ३१ शून्यं, मग १; उलटसुलट सारखीच. तिचा व्यस्त, १/न, त्याहून नीटस आहे. वर आणि खाली २^३२ − १ ने गुणलं की खाली २^६४ − १ येतं, म्हणून द्विमान बिंदूनंतर ३२ शून्यं, मग ३२ एक, मग पुन्हा तेच, अखंड. २ चं चक्र ६४ लांबीचं आहे हे इथे डोळ्यांनी दिसतं. दशमान पद्धतीत १/६४१ चा आवर्ती भाग ३२ अंकांचा आहे, कारण ६४१ ने भागताना १०^१६ ची बाकी −१ येते.

पुढची फर्मा संख्या हाताळून पाहायची इच्छा झाली असेल तर ती २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. युक्तिवाद तोच, फक्त १२८ ऐवजी २५६ च्या पटी घ्यायच्या. पण इथे नशीब ऑयलरइतकं साथ देत नाही: सगळ्यात लहान विभाजक २,७४,१७७ आहे, म्हणजे २५६ × १,०७१ + १. हे अवयव लाँद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी शोधले. त्यापुढे ३३ व्या क्रमांकाच्या आधीच्या सगळ्या (क्रमांक ० पासून मोजून, म्हणजे न चा क्रमांक ५) संयुक्त निघाल्या आहेत. ६५,५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये क ला १ पासून १,०७१ पर्यंत फिरवा आणि प्रत्येक २५६क + १ साठी २ चा ६४ वेळा गुणाकार करण्याऐवजी फक्त सहा वेळा वर्ग करून बाकी तपासा. २^६४ + १ ही संख्या ६४ बिटांत मावत नाही, म्हणून ती कुठेही साठवू नका. बाकी −१ आली की थांबायचं, एवढंच.